आठ कप आणि एक बदक

नोकरीच्या पहिल्याच सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, गोदामातल्या आजोबांनी मला बदक म्हटलं.

‘एय अप, मी डक. यू मॅशिन?’

यातलं ‘डक’ मला कळलं आणि ‘मॅश’ही कळलं. बटाटा मॅश करतात, भाजलेलं वांगं मॅश करतात. बदकाचं काय करतात, याची कल्पना नव्हती. सांगलीच्या शाळेत शिकलेलं, पुण्याच्या ऑफिसात घासूनपुसून लख्ख केलेलं आणि हीथ्रोवरच्या पासपोर्टवाल्यापुढे न अडखळता चाललेलं माझं सगळं इंग्रजी मी गोळा केलं आणि नम्रपणे म्हणाले, ‘नो सर, आय ॲम इन अकाउंट्स.’

आजोबांनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं. ‘राइट-ओ,’ म्हणाले आणि स्वतःच आतल्या छोट्या खोलीत निघून गेले. आतून केटलमध्ये पाणी भरल्याचा आवाज आला. अख्ख्या ऑफिसच्या माना खाली.

काय घडलं ते मला तीन दिवसांनी कळलं. नॉटिंगहॅमकडे चहा ‘करत’ नाहीत, ‘मॅश’ करतात. पत्तीवर उकळतं पाणी ओतायचं आणि मुरू द्यायचं, म्हणजे मॅश. आजोबांनी विचारलं होतं, ‘काय गं बाळा, चहा टाकतेयस का?’ आणि नव्या सुनेने पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं, ‘छे, मी हिशेबखात्यात आहे.’

‘डक’ मात्र मी फार मनाला लावून घेतलं होतं. काचेच्या दारापुढून जाताना स्वतःची चाल बघायला लागले होते. त्यातच एक दिवस धो धो पाऊस लागलेला, मी छत्री झटकत आत आले, तर रिसेप्शनवरच्या बाई हसून म्हणाल्या, ‘लव्हली वेदर फॉर डक्स!’ मी ‘थँक यू’ म्हणाले. मग एके संध्याकाळी ट्राममध्ये दोन्ही दंड गोंदवून घेतलेल्या, दाराएवढ्या तिकीटवाल्याने माझ्या नवऱ्याला ‘चिअर्स, डक’ म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. इकडे सगळेच बदक. आमच्याकडे कसं, ‘भावा’ म्हटलं की पानवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना चालतं, तसं. नवरा मात्र घरी येईपर्यंत गप्प होता.

तर, चहा.

ब्रिटिशांचं लोकांना काय काय आवडतं, याच्या गप्पा निघाल्या की रांग, ‘सॉरी’, लाल टपालपेट्या, बिस्किटं आणि चहा ही नावं ठरलेली. मलाही सगळं आवडतं. पण हे सगळं लांबून आवडणं वेगळं आणि त्यात नांदणं वेगळं. आपल्याकडे नियम भिंतीवर रंगवलेले असतात आणि कुणी पाळत नाही. इथे नियम कुठेही लिहिलेले नसतात आणि सगळे पाळतात. नव्या माणसाने ते शिकायचे कसे, तर मोडून. मोडल्यावरसुद्धा कुणी सांगत नाही, फक्त हवा जराशी गार होते. आणि इथली हवा मुळातच गार असल्यामुळे तेही पटकन लक्षात येत नाही.

आमची कंपनी बांधकामाचं सामान विकते. पुढे दुकान, मागे गोदाम, मधल्या पट्ट्यात आम्ही आठ टेबलं. चौथ्या दिवशी मी ठरवलं की आज आपण सगळ्यांना चहा पाजायचा आणि डाग धुऊन काढायचा. चहा काय, आठव्या वर्षापासून करतेय. आईने पाटावर उभं करून गॅसपर्यंत हात पोचवला होता.

आतल्या खोलीत गेले तर गॅसच नाही. पातेलं नाही, गाळणं नाही, आलं किसायला किसणी तर सोडाच. एक केटल, एक मायक्रोवेव्ह, चहाच्या पुड्यांचा एक भलामोठा डोंगर आणि एक सिंक. आता उकळी आणल्याशिवाय त्याला चहा म्हणायचं तरी कसं? मी एक मोठा काचेचा बोल शोधला, त्यात पाणी, दूध, साखर आणि दहा पुड्या एकत्र टाकल्या आणि मायक्रोवेव्हमध्ये सात मिनिटं ठेवला. पर्समध्ये वेलदोडा होता. तोही दातांनी सोलून टाकला. (दातांनी हे त्यांना अजून माहीत नाही.) मस्त रंग आला. आठ मग भरले, ट्रे घेऊन ऑफिसात फिरले. सगळे उभे राहून ‘ऊऽऽ, लव्हली’ म्हणाले.

पहिला घोट साहेबांनी घेतला. थोडा वेळ तोंडातच ठेवला. मग गिळला आणि म्हणाले, ‘वेल. दॅट्स... इंटरेस्टिंग.’

बाकीच्यांनीही एकामागून एक ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं. एकीने तर ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हटलं. संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, ‘जिंकलं आज. सगळ्यांना वेगळं वाटलं, आवडलं.’ दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये सात मग काठोकाठ भरलेले सापडले. आठवा माझा.

‘इंटरेस्टिंग’ म्हणजे ‘हे परत करू नकोस’. हा शब्दकोश मला पुढच्या सहा महिन्यांत एकेक शब्द करून मिळाला. ‘क्वाइट गुड’ म्हणजे बेताचं. ‘नॉट बॅड’ म्हणजे उत्तम. ‘आय विल बेअर इट इन माइंड’ म्हणजे या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे रिस्पेक्ट संपला. ‘यू ऑल राइट?’ हा तर प्रश्नच नाही. मी दोन आठवडे त्याला खरं उत्तर देत होते. एकदा कॉपीच्या मशिनजवळ मी गुडघ्याचं सगळं सांगितलं, एक्स-रेसकट. तो बिचारा कागद छापून झाले तरी हलला नाही, कारण बोलणाऱ्याला मध्येच सोडून जाणं हाही कुठल्यातरी नियमाचा भंग असावा.

चहाची माझी चूक फक्त माझी नव्हती, हे मला नंतर वाचून कळलं. हे राष्ट्र या विषयावर कधीच एकमताचं नव्हतं. लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली, युद्ध नुकतंच संपलेलं, चहा अजून रेशनवर, अशा वेळी वर्तमानपत्रात चहा कसा करावा याचे अकरा नियम दिले. आधी चहा, मग दूध, आणि साखर अजिबात नाही. माणूस जन्मला होता बिहारातल्या मोतिहारीत. बिहारात जन्म घेऊन बिनसाखरेचा चहा! असो. पुढे १९८० साली सरकारमान्य ब्रिटिश स्टँडर्ड आलं, क्रमांक ६००८. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं मुरवणं, भांडं चिनीमातीचं. सहा पानं. खरं तर ते चहा चाखणाऱ्या परीक्षकांसाठी होतं, सगळे नमुने एकाच पद्धतीने व्हावेत म्हणून. पण या सहा पानांना १९९९ साली इग्नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं गमतीचं पारितोषिक मिळालं, आणि तेही साहित्याचं. सरकारी परिपत्रकाला साहित्याचा पुरस्कार मिळतो, या आशेवर आपल्याकडे किती कारकून जगले असते.

आमच्या ऑफिसचं स्टँडर्ड मात्र त्याहून कडक निघालं. माझ्या मायक्रोवेव्ह प्रकरणानंतरच्या सोमवारी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटलेला दिसला. कुणी चिकटवला, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. कागदावर आठ नावं, प्रत्येकासमोर साखरेचा आकडा, आणि शेजारी, मी खोटं नाही सांगत, दुकानातल्या रंगाच्या शेड-कार्डाचे कापलेले चौकोन. ज्याचा चहा त्या रंगाचा. पांढुरक्या बदामीपासून ओल्या मातीपर्यंत सात छटा. आठवीसाठी चौकोन नव्हता, तिथे नुसतं लिहिलं होतं, ‘गरम पाणी’.

त्या दिवसापासून ऑफिसातली माणसं मला त्यांच्या नावांनी आठवतच नाहीत. रिसेप्शनवरच्या बाई म्हणजे ‘दीड साखर’. एक नाही, दोन नाही, दीड. साहेब म्हणजे ‘दूध-दाखवा’. त्यांच्या मगावर दुधाची बाटली नुसती फिरवायची, थेंब पडला तर पडला. विक्रीवाला म्हणजे ‘बिल्डर’. पुडी इतका वेळ ठेवायची की पाण्याला विटेचा रंग आला पाहिजे, वर दोन साखर. या मजुरी चहाला इथे खरोखरच बिल्डर्स टी म्हणतात. पगारखात्यातली ‘कोरी’ आणि तिच्या शेजारचा, नुकताच योगासनं करू लागलेला ‘गरम पाणी’. आणि मी. माझा रंग शेड-कार्डात सर्वांत गडद बदामी होता आणि शेजारी साखरेचा आकडा लिहून मग खोडून, पुन्हा मोठा करून लिहिला होता. तीन.

पण चहा कसा करायचा, हा धडा सोपा होता. कधी करायचा आणि कुणी करायचा, हा खरा. वेळापत्रक नाही, पाळ्या नाहीत. कुणीतरी दोन्ही हात मांड्यांवर थापटतं आणि म्हणतं, ‘राइट!’ मग उठतं आणि स्वतःचा रिकामा मग उगाच आत डोकावून बघतं, जसं काही आत चहा उगवला असेल. इतकं झाल्यावर विचारायचं, ‘एनीवन फॉर अ ब्रू?’ लगेच ‘हो’ म्हणणं असभ्य. म्हणायचं असतं, ‘ओन्ली इफ यू आर मेकिंग वन.’ मला हे ऐकून एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. ‘तुमचा होत असेल तर घोटभर!’ माझी मिरजेची आत्या आयुष्यभर हेच म्हणत आली, आणि आयुष्यभर पूर्ण कप पीत आली.

फरक एवढाच की आत्याला तिथे कुणी मोजत नव्हतं. इथे मोजतात. वही नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात पक्का हिशेब: या महिन्यात कुणी किती वेळा केला, कुणी किती वेळा प्यायला. मी हिशेबखात्यातली. पण असा ताळेबंद मला आजवर जमला नाही. ‘गरम पाणी’ स्वतः कधी चहा करत नाही, कारण तो चहा पीत नाही. पण पाणी तर घेतो! यावर आमच्याकडे दोन तट आहेत. हे मला ‘दीड साखर’ने पार्किंगमध्ये, इकडेतिकडे बघून सांगितलं. जाताना म्हणाली, ‘नॉट दॅट आय माइंड.’ म्हणजे ती यावर गेली चार वर्षं जळतेय.

आणि सगळ्या देशाची वेळ एकदम साधली तर काय होतं, ते विजेच्या खात्याला विचारावं. टीव्हीवर कार्यक्रम संपला की लाखो लोक एका दमात उठून केटलचं बटण दाबतात. प्रत्येक केटल साधारण तीन किलोवॅटची. ४ जुलै १९९० ला विश्वचषकाची उपांत्य फेरी होती, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. पेनल्टीवर इंग्लंड हरलं. त्याबरोबर मागणी २,८०० मेगावॅटने उसळली. आमच्या कोयनेची सगळी जनित्रं मिळून १,९६० मेगावॅट. म्हणजे कोयना अख्खी दिली असती तरी त्या रात्री काही लोक चहाविना राहिले असते. या झटक्यासाठी यांनी वेल्समध्ये डिनॉर्विग इथे डोंगर पोखरून वीजकेंद्र बसवलंय. वरच्या तळ्यातलं पाणी खाली सोडलं की काही सेकंदांत वीज तयार, आणि रात्री स्वस्तातल्या विजेवर तेच पाणी पुन्हा वर. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘कोयनेतून पाणी सोडलं की आपण गाद्या माळ्यावर टाकतो. हे पाणी सोडतात आणि चहा पितात.’

दु:खात चहा, हे मात्र मला पटलेलं आहे. मॅच हरली, उठून केटल. बॉयलर बंद पडला, केटल. ‘कोरी’चा नवरा घर सोडून गेला, तेव्हा सगळ्या ऑफिसात एकही शब्द बोलला गेला नाही. तिच्या टेबलावर सकाळपासून सहा मग आले. तिने सहाही प्यायले. मला वाटलं जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा. ‘दीड साखर’ने डोळ्यांनीच नको म्हटलं आणि बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला.

बिस्किटांचं एक वेगळंच शास्त्र आहे. डायजेस्टिव्ह चहात बुडवून काढायला दोनाहून जास्त सेकंद लावलेत तर तो तळाशी जातो आणि मग चमच्याने उत्खनन. जाफा केक, म्हणजे वर संत्र्याची जेली आणि चॉकलेट लावलेली छोटी चकती, हे बिस्किट की केक, यावर इथे १९९१ साली कर-न्यायाधिकरणात खटला झाला. चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर कर आहे, केकवर नाही. निकालात एक मुद्दा असा होता, की शिळा झाला की केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडतं. हा कडक होतो, म्हणून केक. मला हा निकाल फार आवडतो. आमच्या आईनेही शंकरपाळ्यांबद्दल हाच निकष लावला असता.

पहिल्या सुट्टीनंतर मी पुण्याहून कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटं आणली. अडीच तास रांगेत उभं राहून मिळवलेली. गर्वाने डबा उघडला. ‘ही तुमची,’ म्हटलं, ‘श्रूजबरीची!’ सगळ्यांनी उचलली, खाल्ली, डोळे मिटले. ‘बिल्डर’ तर श्रूजबरीजवळचाच निघाला. त्याने असलं बिस्किट आयुष्यात पाहिलं नव्हतं. ‘व्हेअर इज इट फ्रॉम?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘तुझ्या गावचं.’ मग गावाचं नाव श्रूजबरी की श्रोजबरी, यावरच वाद पेटला. त्यात तासभर गेला आणि डबा संपला. खरंच, त्या गावात शतकानुशतकं ‘श्रूजबरी केक’ होते; एक पाटीही आहे म्हणे जुन्या दुकानाच्या जागी. पण रोज सकाळी त्यांच्या नावाने रांग लागते, ती पुण्यात ईस्ट स्ट्रीटवर.

रांगेवरून आठवलं. २०२२ च्या सप्टेंबरात राणीचं अंत्यदर्शन होतं, तेव्हा ‘दीड साखर’ रजा टाकून लंडनला गेली. थेम्सच्या काठाने मैलोन्‌मैल रांग, शेपूट सदर्क पार्कपर्यंत, मनगटावर नंबराचा रंगीत पट्टा. ही तेरा तास उभी होती. परत आली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती. तिने राणीबद्दल एक वाक्य सांगितलं आणि रांगेबद्दल दीड तास. पुढची बाई कुठली, मागच्याने थर्मास कसा दिला, रात्री दोन वाजता कुणी सॅंडविच वाटलं. मी ऐकत होते आणि मला माझी आजी आठवत होती. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत ती रात्र रात्र उभी राहायची. विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकायला मिळायचे दोन सेकंद, तेवढ्यात बडवा ढकलायचा. तीही घरी आली की विठ्ठलाबद्दल कमी आणि पुढच्या मावशीबद्दल जास्त बोलायची. ‘दीड साखर’ला हे सांगितलं तर तिने शेवटी एवढंच विचारलं, ‘अँड नोबडी जंप्ड इन?’ मी खोटं बोलले. ‘नो,’ म्हणाले.

आता मुख्य गुन्ह्याकडे येते.

चहाचे मग धुण्यावरून माझा आणि या देशाचा कधीच समेट होणार नाही. आमच्या सिंकला दोन नळ आहेत. डावा चटका देतो, उजवा बधिर करतो. मधलं पाणी हवं असेल तर हात वेगाने इकडून तिकडे हलवायचे. जुन्या घरांत गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं, गार थेट मुख्य नळातून, म्हणून दोन्ही वेगळी ठेवायची पद्धत, असं कळलं. कळल्याने चटका कमी होत नाही. त्यात हे लोक प्लॅस्टिकच्या घमेल्यात साबणाचं पाणी करतात, मग त्यात बुचकळतात आणि तसाच, फेसासकट, जाळीवर पालथा घालतात. विसळत नाहीत! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून मी सकाळी सगळ्यांच्या आधी येते आणि आठही मग गुपचूप विसळून ठेवते. यांना वाटतं मी मेहनती आहे.

तर ती ऑक्टोबरातली गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आलेली. या दिवसांत माझे हात आपोआप वळतात. माळा नसला तरी मी मनातला माळा झाडते. गुरुवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं होतं. शेल्फवर मागच्या बाजूला आजोबांची किटली दिसली. तपकिरी, गोल पोटाची, ब्राउन बेटी म्हणतात तिला. तिकडे स्टॅफर्डशरच्या लाल मातीची करतात. बाहेरून झकास. झाकण उचलून आत पाहिलं आणि मी दोन पावलं मागे सरले. आत काळंकुट्ट. डांबर. बोट फिरवलं तर खरखर लागलं. मनात म्हटलं, म्हातारा माणूस, एकटा, कोण घासून देणार त्याला? आपल्या लेकीसारखी मी असताना?

खायचा सोडा, लिंबू, तारेची घासणी. चाळीस मिनिटं लागली. तोटीत तर इअरबड घातला. शेवटी आतली चकचकीत झिलई दिसली तेव्हा मला असं समाधान झालं, जसं लक्ष्मीपूजनाला समई घासल्यावर होतं. किटली पालथी घातली आणि गाणं गुणगुणत बस पकडली. उतरताना ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणाले. सगळे म्हणतात.

शुक्रवारी सकाळी आजोबा आत गेले. बराच वेळ केटलचा आवाज आला नाही. मग ते दारात आले, हातात किटली, झाकण उघडं. आत पाहिलं. पुन्हा पाहिलं.

‘ओह,’ म्हणाले. ‘इट्स... व्हेरी क्लीन.’

मी हात वर केला. ‘मी घासली!’

ऑफिसात कीबोर्ड थांबले. ‘दूध-दाखवा’ने हळूच दार लावून घेतलं.

‘नॉट टु वरी, डक,’ आजोबा म्हणाले आणि गोदामाकडे गेले. चहा न करता.

‘दीड साखर’ने मला ओढत पार्किंगमध्ये नेलं. किटली आतून कधीच धूत नाहीत. नुसती पाण्याने खळखळवतात. आतला तो थर म्हणजेच तिची चव, अशी यांची श्रद्धा. आजोबांनी ही नोकरीला लागले त्या वर्षी घेतली होती. सदतीस वर्षं तिला आतून साबण लागला नव्हता. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते.

माझ्या डोळ्यांपुढे एकदम आमचा बिडाचा तवा आला. आजीचा, मग आईचा. वर्षानुवर्षांच्या तेलाने काळाभोर झालेला, त्यावर धिरडं टाकलं की नुसतं सरकायचं. एकदा नव्या बाईने तो तारेने घासून पांढरा केला. आईने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. पुढचे दोन आठवडे आमच्याकडे धिरड्यांचे तुकडे खात होतो. पण आई निदान ओरडली. मोकळी झाली. आजोबांनी ‘नॉट टु वरी’ म्हटलं. त्याचं काय करायचं?

तवा आईने परत मुरवला होता. तेल लाव, कांदा फिरव, तापव, थंड कर, पुन्हा तेल. मी ठरवलं. संध्याकाळी किटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि घरी आणली. येता येता २४० पुड्यांचा खोका घेतला.

शुक्रवार रात्रीपासून आमच्या घरात नुसतं मॅशिंग. आठ-आठ पुड्या, उकळतं पाणी, तासभर मुरू द्यायचं, ओतून द्यायचं, पुन्हा. नवरा म्हणाला, ‘पिऊ तरी दे.’ शनिवारी दुपारी आत फिकट पिवळट कडा दिसली. मी आनंदाने ओरडले. रात्री दोनला उठून एक खेप केली. आईला व्हिडिओ कॉलवर आतली बाजू दाखवली. तिला सगळं लगेच कळलं; म्हणाली, ‘मंद आचेवर ठेव.’ म्हटलं, आई, ही मातीची. रविवारी सकाळपर्यंत शेड-कार्डात ‘दूध-दाखवा’चा रंग आला होता. संध्याकाळपर्यंत बिल्डरपर्यंत पोचायचं होतं.

दुपारी चारला माझा डोळा लागला. पाचला उठले तर स्वयंपाकघरातून वास. आल्याचा. नवरा ओट्याशी उभा, हातात कप, चेहरा प्रसन्न.

‘काय मस्त भांडं आहे गं,’ म्हणाला. ‘आलं ठेचून टाकलं, गवती चहा टाकला, दोन वेळा भरली. आत छान मुरतं.’

मी झाकण उचललं. थर आला होता. सुंदर, गडद, एकसारखा. आणि सांगलीच्या बसस्टँडवरच्या टपरीचा वास मारत होता. त्यानंतर साठ पुड्या ओतल्या. वास गेला नाही.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर आले आणि किटली शेल्फवर, मागच्या बाजूला, आधी होती तशी ठेवली. साडेनऊला आजोबा आले. किटली दिसली. झाकण उचललं. आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांखाली काय दिसलं असेल ते दिसलं असेल. काही बोलले नाहीत. पत्ती टाकली, केटल दाबली, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. घड्याळात बघत उभे राहिले. पहिला कप स्वतः घेतला, टेबलाशी बसले आणि घोट घेतला.

थोडा वेळ तोंडातच ठेवला.

‘इंटरेस्टिंग,’ आजोबा म्हणाले.

मी स्क्रीनवरच्या बेरजेकडे बघत राहिले. ती बेरीज मी तोवर तीनदा केली होती. मागे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. बिस्किटांचा डबा ओढल्याचा आला. मग किटलीतून पुन्हा ओतल्याचा.